काळं टर्मिनल

गल्लीत त्यांना बॉनेटकाका म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. नाव चुकीचंही नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचा चेहरा क्वचितच दिसे. दिसायची ती शेडमधल्या लांबलचक काळ्या गाडीच्या उघड्या बॉनेटखाली वाकलेली पाठ. कोणी "काय काका, झाली का दुरुस्त?" असं विचारलं की आतूनच उत्तर येई, "होईल." ती गाडी कधीच पुरती दुरुस्त होणार नव्हती, हे विचारणाऱ्याला माहीत होतं, उत्तर देणाऱ्याला माहीत होतं आणि बहुधा गाडीलाही माहीत होतं.

एके काळी ती मोठ्या माणसाची गाडी होती. आत लाकडाच्या पट्ट्या, कातडी सीटा, दार हलकंसं ढकललं की उरलेलं स्वतःच ओढून लावून घेणारी यंत्रणा, आणि खाली स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, म्हणजे रस्त्यातला खड्डा बसणाऱ्याला कळूच नये. एका कारखानदाराने हौस फिटेपर्यंत वापरली आणि कुरकुर सुरू झाल्याबरोबर विकायला काढली. काका तेव्हा लिफ्ट-तपासनीस होते. उंच उंच इमारतींच्या लिफ्टा तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि सही ठोकायची. काकांनी ही गाडी घेतल्याचं कळल्यावर ऑफिसातल्या मित्रांनी कपाळाला हात लावला. "अरे, पांढरा हत्ती आहे तो! पोसता पोसता नाकी नऊ येतील." काकांनी हत्ती घरी आणला आणि मित्रांचा शब्दन् शब्द खरा झाला.

हवेच्या पिशव्या झिरपायच्या. सकाळी गाडी मागून बसलेली असे, आणि इंजिन सुरू केलं की मागचा भाग गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या माणसासारखा हळूहळू वर येई. छताच्या काचेभोवतीची पाणी जायची नळी तुंबली की पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होई, मग तो उपसून वाळवा. इंजिनाच्या झाकणाखालचं गास्केट तेल सोडायचं. कातड्याला दर थोड्या दिवसांनी मलम चोळलं नाही तर भेगा पडायच्या. हे सगळं काका घरीच करत. गॅरेजवाल्याचा हात त्यांनी गाडीला लागू दिला नव्हता. "त्यांना काय, भाग बदलायची घाई. समजून कोण घेतो?" असं ते सांगत. लोकांना वाटे, म्हातारा हट्टी आहे. हट्टी होतेच, पण कारण ते नव्हतं.

कारण ड्रायव्हरच्या दाराला आतून होतं. तिथे एका ओळीत तीन छोटी बटणं होती: एक, दोन, तीन. सीट आपल्या मापाने लावायची, बाजूचं साठवायचं बटण दाबायचं आणि मग आकड्याचं. पुढच्या वेळी नुसता आकडा दाबला की सीट आणि आरसे आपापल्या जागी जाऊन बसतात. एक काकांचा होता. दोन काकूंचा.

काकू ठेंगण्या होत्या आणि काका ताडमाड. त्यामुळे दोघांच्या सीटमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर. काकू दोन नंबर दाबत, आणि सीट घुंईं करत पुढे सरके, वर उचलली जाई, बाहेरचा आरसा मान खाली घाली. "बघा, गाडीसुद्धा मला ओळखते," त्या म्हणत, "तुम्हाला तर मी चष्मा बदलला तरी कळत नाही." गाडी चालवायला त्या उशिरा शिकल्या, याच गाडीवर शिकल्या, आणि काकांपेक्षा बऱ्या चालवू लागल्या. काकांनी हे उभ्या जन्मात कबूल केलं नाही, पण दूरच्या प्रवासात ते मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसत आणि ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबत.

शेवटच्या आजारात काकूंची पाठ दुखायची. दवाखान्यात जातानाही त्यांना चालवायचं असे. "शेजारी बसले की आजारी वाटतं," म्हणायच्या. एकदा शेडमध्येच थांबून त्यांनी बराच वेळ सीटशी खटपट केली. पाठ थोडी मागे, खालची गादी पुढून जराशी वर, पुन्हा पाठ किंचित पुढे. मग साठवायचं बटण दाबलं आणि दोन दाबलं. "आता ठीक," म्हणाल्या. त्यानंतर त्या फार वेळा चालवू शकल्या नाहीत. पण दोन नंबरमध्ये ते माप राहिलं.

आता काका काय करत ते सांगायला हवं, आणि हसायचं नाही. ते दार उघडत, बाहेर उभं राहून दोन नंबर दाबत आणि बघत. रिकामी सीट घुंईं करत पुढे जाई, वर होई, पाठ थोडी मागे झुके, गादी पुढून उचलली जाई. कोणीतरी येऊन बसणार आहे म्हणून जागा करून द्यावी तशी. आरसा खाली बघू लागे. काका त्या सीटवर बसत नसत. बसलेच असते तर गुडघे स्टिअरिंगला भिडले असते. थोडा वेळ उभे राहत, मग एक दाबत, आणि सगळं पुन्हा त्यांच्यासारखं होई. मोटरी झिजतील म्हणून हेसुद्धा ते जपून करत. फार जड गेलं तरच.

असल्या गाडीची आठवण बॅटरीवर चालते, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. काकू होत्या तेव्हा एकदा बॅटरी पार मेली होती. नवी घातली तर घड्याळ शून्यावर, रेडिओची सगळी स्टेशनं गायब, आणि काचा एका झटक्यात वर जायचं विसरून गेलेल्या. तेव्हाच काकांनी मनाशी खूणगाठ बांधली: वीज गेली की ही गाडी सगळं विसरते. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात घड्याळाचं लिहिलं होतं, काचांचं लिहिलं होतं, सीटबद्दल अवाक्षर नव्हतं. करून बघायचं तर रस्ता एकच, बॅटरीचं टर्मिनल काढायचं, म्हणजे तिची वायरच सोडवायची. आणि ते काढल्यावर सीट विसरली असती तर? असला प्रयोग कोण करेल?

तुम्ही म्हणाल, टेपने मापं घेऊन ठेवायची. घेतली होती. सीट इतकी पुढे, इतकी वर, पाठीचा कोन इतका. पण ती मापं लावली असती तर ते काकांनी लावलेलं झालं असतं. काकूंनी लावलेलं जगात एवढं एकच उरलं होतं.

म्हणून चार्जर. स्वयंपाकघरातल्या प्लगपासून निघालेली वायर खिडकीच्या फटीतून शेडमध्ये आणि अर्धवट टेकवलेल्या बॉनेटखालून बॅटरीपर्यंत. गाडी कुठेतरी चोरून करंट पीत होती. चार्जर काढला की दोन-तीन दिवसांत बॅटरी मान टाकायची. चोर शोधायचा तर एकेक फ्यूज काढून बघावा लागतो, आणि त्यातला सीटचा फ्यूज कुठला हे कोणाला माहीत? चोर तसाच राहिला. वायरीमुळे स्वयंपाकघराची खिडकी काकूंच्या माघारी कधी पूर्ण बंद झाली नव्हती. थंडीत काका फटीत जुना टॉवेल कोंबत. चार्जर बारीक गुणगुणायचा आणि घरात दुसरा आवाज नसल्याने तो सगळ्या खोल्यांत ऐकू यायचा. झोपताना तो ऐकू आला की काकांना बरं वाटे.

बॅटरी म्हातारी झाली तेव्हा त्यांनी ती बदललीही होती. आधी दुसरी बॅटरी जाड वायरींनी जोडून ठेवायची, म्हणजे वीज क्षणभरही तुटणार नाही, आणि मग पहिली काढायची. आयुष्यभर लिफ्टच्या दोरांखाली निवांत उभा राहिलेला हा माणूस त्या दिवशी घामाने निथळला होता.

आता अडचण अशी, की काकांचे दोन नियम होते आणि दोन्ही लिफ्टच्या नोकरीतले. पहिला: आधी वीज तोडायची, मग हात घालायचा. गाडीच्या भाषेत, दहाचा पाना घ्यायचा आणि काळं टर्मिनल सोडवून बाजूला करायचं, त्याशिवाय दाराच्या वायरीलासुद्धा शिवायचं नाही. दुसरा: रिकाम्या घरात चालू वायर सोडून जायचं नाही. एकदा एका बंद इमारतीत जळून खाक झालेली लिफ्ट त्यांनी पाहिली होती, तेव्हापासून कानाला खडा. दुसऱ्या नियमामुळे चार्जर चालू ठेवून गावाला जाता येईना, आणि चार्जर बंद ठेवून जायची तर छाती होईना. म्हणजे घर सोडून एखादी रात्र, फार तर फार दोन. आणि पहिल्या नियमामुळे मागच्या दाराची काच पडलेलीच राहिली. काच वर-खाली करणारा भाग मोडला, काच दाराच्या पोटात गेली. काकांनी नवा भाग मागवला, तो खोक्यात तसाच पडून होता. तो बसवायचा तर टर्मिनल काढायला हवं, आणि नियम मोडून बसवायचा तर हात धजेना. खिडकीला प्लॅस्टिक चिकटवलं होतं. वारा आला की ते फडफडायचं.

लेक अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहत होती. एकुलती एक. बापाच्या वळणावर उंच, आणि हातही बापासारखाच. लहानपणी काकांनी तिला शेडमध्ये शेजारी उभं करून सगळं शिकवलं होतं. "काय करायचं आधी?" "काळं टर्मिनल!" "आणि विसरलीस तर?" "तर पाना परत द्यायचा." अशी त्यांची शाळा. काकू दारातून ओरडत, "मुलीला जेवायला सोडा, ती काय लिफ्ट आहे?"

तिला मुलगी झाली तेव्हा काकू नव्हत्या. काका एका दिवसासाठी गेले, बाळाला मांडीवर घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. "टाकीचा माणूस यायचाय," म्हणाले. पुढे बारशाला छपराचं काम निघालं. पहिल्या वाढदिवसाला गुडघा धरला. नात पहिल्यांदा शाळेत जाणार होती तेव्हा पुन्हा टाकी. लेक दोनदा येऊन गेली, मग म्हणाली, "आता तुमची पाळी, बाबा." ती पाळी काही येईना. फोनवर नात विचारायची, "आई, हे आजोबा फोनमध्येच राहतात का?" काका मोठ्याने हसायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हातातच धरून बसायचे. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटायची. साठी उलटलेला माणूस, सीटच्या बटणासाठी नातीला भेटत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? थापा मारून वेळ मारून नेणं सोपं होतं. हळूहळू लेकीने बोलावणंच बंद केलं.

आणि एका सुट्टीच्या सकाळी ती न कळवता दारात उभी राहिली. एकटीच, खांद्याला एक पिशवी.

काका बॉनेटखालून वर आले ते डोकं आपटूनच. "अगं! फोन तरी करायचास."

"फोन केला असता तर टाकीचा माणूस आला असता," ती म्हणाली. हसूनच म्हणाली, पण काकांना ते लागलं.

चहा झाला. ती स्वयंपाकघरात इकडे तिकडे बघत होती. खिडकीतला टॉवेल तिने पाहिला, वायर पाहिली. मग कप विसळता विसळता पाठमोरीच म्हणाली, "बाबा, आम्ही जातोय. ह्यांना बाहेर काम मिळालंय. समुद्रापलीकडे. पुढच्या महिन्यात निघतोय."

"किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही हो. वर्षांसाठी."

काका म्हणाले, "अरे वा. चांगलं झालं." आणि मग त्यांना काही सुचेना म्हणून म्हणाले, "मी भाजी घेऊन येतो. घरात काहीच नाहीये." खरं तर घरात भाजी होती. पण डोळ्यांत पाणी आलं की त्यांना बाहेरचं काम आठवायचं, ही त्यांची जुनी खोड.

ते कोपऱ्यावर गेले, नको त्या भाज्या घेतल्या, भाजीवाल्या बाईंशी विनाकारण हवापाण्याच्या गप्पा मारल्या. अर्ध्या दिवसाचं अंतर होतं तेव्हा गेलो नाही, आता समुद्र ओलांडून काय जाणार आपण, हा एकच विचार डोक्यात घोळत होता. पिशवी जड झाली तेव्हा घराकडे वळले.

शेडपाशी आले तर मागचं दार सताड उघडं. दाराच्या आतलं आवरण सोडवून नीट भिंतीला टेकवलेलं, त्याच्या क्लिपा एका वाटीत. लेक खाली बसून दाराच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी जुळवत होती. शेजारी तो खोका, फोडलेला.

"बाबा, हा भाग कधीचा आणून ठेवलाय तुम्ही! प्लॅस्टिक लावून बसलात? आळशी झालात हं," ती मान न वळवता म्हणाली. "झालंच. दोन स्क्रू राहिलेत. म्हटलं, जाण्याआधी एवढं तरी करून जावं."

काकांची नजर दारावर नव्हती. ती पुढे गेली होती, उघड्या बॉनेटकडे. चार्जरचे दोन्ही चिमटे काढून व्यवस्थित बाजूला ठेवले होते. बॅटरीवर दहाचा पाना आडवा ठेवलेला होता. आणि काळं टर्मिनल सोडवून, चुकून परत टेकू नये म्हणून फडक्यात गुंडाळून बाजूला सारलेलं होतं. अगदी काकांनी शिकवलं होतं तसं.

भाजीची पिशवी खाली पडली.

"कोणी सांगितलं होतं तुला?" काका ओरडले. इतक्या मोठ्याने, की समोरच्या घराची खिडकी उघडली. "कोणी सांगितलं होतं हात लावायला? काय केलंस हे! काय केलंस तू!"

लेक दारातून हात काढून उभी राहिली. तिच्या हाताला ग्रीस लागलं होतं. "वीज तोडली. तुम्हीच तर..."

"मी! मीच!" ते शेडमधल्या लाकडी खोक्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "गेली ती. आता गेली."

"कोण गेली?"

मग ते बोलले. एवढी वर्षं गिळलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं, आगापिछा न ठेवता. दोन नंबर, काकूंची पाठ, मागे झुकलेली सीट, चार्जर, खिडकी, दोन रात्रींच्या वर घर न सोडणं. टाकीला काही झालं नव्हतं हे सांगितलं. छपराला काही झालं नव्हतं. गुडघा दुखत होता, पण येता आलं असतं.

लेक ऐकत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर राग होता, मग तो गेला आणि त्या जागी काय आलं ते काकांना बघवेना. "मला वाटायचं, आई गेल्यावर तुम्हाला आमचं काही वाटेनासं झालं," ती म्हणाली. "मी ह्यांना सांगायचे, बाबा पहिल्यापासून असेच आहेत, कमी बोलणारे. तुम्हाला झाकत बसायचे मी, बाबा. आणि तुम्ही बटण राखत बसला होतात?"

काका फडक्यात गुंडाळलेल्या टर्मिनलकडे बघत राहिले.

भाजीच्या पिशवीतून एक बटाटा घरंगळत गाडीखाली गेला होता. शेवटी लेकीने हात पुसले, उरलेले दोन स्क्रू बसवले, दाराचं आवरण परत चढवलं, कारण अर्धवट काम सोडायचं नाही हेही तिला शिकवलेलं होतं. मग ती पुढे गेली, फडकं सोडलं, टर्मिनल बॅटरीवर बसवलं आणि दहाच्या पान्याने घट्ट केलं. आत कुठेतरी टिक असा आवाज झाला. डॅशबोर्डवरचं घड्याळ शून्यावर लुकलुकायला लागलं.

"बघ," काका म्हणाले. "घड्याळ गेलं. सांगितलं ना मी."

लेकीने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. "तुम्ही दाबा."

"कशाला?"

"दाबा, बाबा."

काका उठले. बोट बटणाशी नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. वीज तुटल्यावर हे बटण दाबून बघणं, एवढी वर्षं त्यांनी हीच एक गोष्ट टाळली होती. मग डोळे मिटून त्यांनी दोन दाबलं.

घुंईं.

सीट पुढे सरकली. वर उचलली गेली. गादी पुढून जराशी वर झाली. पाठ थोडी मागे झुकली, आणि मग, अगदी शेवटी, किंचित पुढे आली. बाहेरच्या आरशाने मान खाली घातली.

काकांनी डोळे उघडले होते. "आली!" ते म्हणाले. लहान मुलासारखा त्यांचा आवाज चिरकला. "अगं, बघ, बघ! आहे! पाठसुद्धा तशीच! विसरली नाही गं, विसरली नाही!" त्यांनी लेकीचा ग्रीसचा हात घट्ट धरला. ते हसत होते आणि नाक पुसत होते. समोरच्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, गाडी एकदाची दुरुस्त झाली.

लेकही हसत होती. डोळे भरून ती त्या रिकाम्या सीटकडे बघत होती. आईची पाठ कशी असायची ते त्या सीटमध्ये दिसत होतं. मग हळूहळू तिचं हसू मावळलं आणि ती हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाली, "म्हणजे ती कधीच विसरणार नव्हती."

काकांचा हात सैल पडला.

"तुम्ही कधीही येऊ शकला असतात, बाबा."

तेव्हा काकांना जुनी बॅटरी मेली तो दिवस आठवला. घड्याळ गेलं, रेडिओ गेला हे बघून त्यांनीच काकूंना सांगितलं होतं, "सगळं पुसलं गेलंय, सीटही नव्याने लाव." आणि काकूंनी, नवऱ्याला यंत्रातलं कळतं या विश्वासाने, दोन नंबर दाबून न बघताच सीट पुन्हा हाताने लावली होती. त्या दिवशी कोणी ते बटण दाबून बघितलंच नव्हतं. दाबलं असतं तर सगळं तेव्हाच कळलं असतं. नातीचं बारसं, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, सगळं एका बटणाच्या अंतरावर होतं. हजारो लिफ्टांचे दोर ताणून बघितलेल्या माणसाने आपल्या समजुतीची दोरी एकदाही ओढून पाहिली नव्हती.

ते पुन्हा खोक्यावर बसले. गाडीची मागची काच आता नीट वर गेली होती, प्लॅस्टिक नव्हतं, त्यामुळे शेडमध्ये फडफड नव्हती. चार्जरचे चिमटे जमिनीवर पडले होते.

लेक खाली वाकून बटाटा शोधत होती. तो हाताला लागल्यावर पिशवीत टाकून ती म्हणाली, "उद्या सकाळी मी निघणार. चला माझ्याबरोबर. हिलाही घेऊन जाऊ, मी चालवते."

"उद्या?" काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "उद्या तो टाकीचा..." आणि ते तिथेच थांबले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

काका उठून घरात गेले. स्वयंपाकघरात जाऊन प्लग ओढला. गुणगुण थांबली, आणि घर इतकं शांत झालं की त्यांना क्षणभर भिंतीला धरून उभं राहावं लागलं. इतके दिवस सोबतीला होती ती हीच गुणगुण, दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी वायर आत ओढून गुंडाळली, टॉवेल काढला आणि खिडकी लावायला गेले. लाकूड फुगलं होतं. दोन्ही तळव्यांनी जोर लावला तेव्हा ती करकरत बंद झाली.

मग त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली, धूळ झटकली आणि ती पलंगावर उघडी ठेवून विचारात पडले. प्रवासाला निघायचं म्हणजे एक शर्ट, फार तर दोन, एवढीच त्यांना सवय होती. त्यांनी शेडच्या दिशेने आवाज दिला, "अगं, किती दिवसांचे कपडे घेऊ?"

बाहेरून आधी बॉनेट लावल्याचा आवाज आला. घट्ट, पूर्ण लावल्याचा.

"आम्ही जाईपर्यंतचे घ्या," लेक म्हणाली.

काकांनी कपाट उघडलं आणि सगळे शर्ट बाहेर काढले.